दत्ताचा शर्ट

माझ्या मुलीला मी फार आवडतो. फक्त मी आंघोळ केलेली नसावी.

हा शोध आम्हाला लागला तो तिच्या नामकरणाच्या दिवशी, दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत, झाडून सगळ्या पाहुण्यांच्या समोर. तोवर मी स्वतःला आदर्श बाप समजत होतो.

त्याचं असं झालं, की माझी बायको प्रज्ञा बाळंतपणाला लातूरला माहेरी गेली, ती पोरगी चांगली मान सावरायला लागल्यावरच परतली. मी चाकणच्या कंपनीत मशीनवर. सकाळी ती उठायच्या आत बस गाठायची. सुट्टीच्या दिवशी? सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम! पण संध्याकाळी मी दारात दिसलो, की ती प्रज्ञाच्या कडेवरून अशी झेप घ्यायची! माझी आई ओरडायची, "अरे अमोल, आधी हातपाय धू! ऑइलचा वास मारतोय नुसता!" मी कशाला ऐकतोय? मनसोक्त खेळवून मगच आंघोळीला जायचो आणि बाहेर येईपर्यंत ती झोपलेली असायची. थोडक्यात, माझ्या लेकीने मला स्वच्छ असं कधी पाहिलंच नव्हतं. हे तेव्हा घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही.

नामकरणाला मी रजा टाकली. गुळगुळीत दाढी केली, सेंट मारलं (जरा जास्तच), पांढराशुभ्र कुर्ता चढवला. आमच्याकडे अशा कार्याला सगळेच पांढऱ्या कपड्यांत. वंदना घ्यायला आलेले बौद्धाचार्य म्हणाले, "बाळ वडिलांच्या मांडीवर द्या." प्रज्ञाने दिलं. बाळाने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो.

तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून स्टेशनवरच्या लोकांनी गाडी आली समजून पिशव्या उचलल्या असतील!

"लेकरू बापाला वळकीना की ओ!" सासरे म्हणाले. सासऱ्यांचा आवाज मुळातच शेताच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, तुमची ही शिफ्टची ड्युटी. राहू द्या मायलेकीला आमच्याकडंच आणखी काही महिने. उद्या जाताना संगं घिऊनच जातो."

आधीच लेक मी मोबाईलवर पाहून मोठी केली होती. आता ती परत मोबाईलमध्येच जाणार! मी खुळखुळा वाजवला. मांजराचा आवाज काढला. कुत्र्याचा काढला. पोरगी निळी पडायला आली. शेवटी प्रज्ञाच म्हणाली, "अहो, ती तुम्हाला रोज युनिफॉर्ममध्ये बघते. युनिफॉर्म घालून या!"

मी पळत आत गेलो आणि निळा युनिफॉर्म, टोपी, सेफ्टी शूज असा नखशिखांत तयार होऊन आलो. बाहेर येतो न येतो तोच कुणीतरी म्हणालं, "बरं झालं भाऊ आलात, वरच्या टाकीचा बॉलकॉक गळतोय." पण पोरगी मात्र गप्प झाली! हात पुढे केले! मी उचलली. तिने माझ्या छातीला नाक लावलं, एक श्वास घेतला आणि पुन्हा भोंगा सुरू!

"आई, हा शर्ट..."

"तुझी रजा होती म्हणून रगडून धुतला. मोगऱ्याच्या वासाचं ते नवीन लिक्विड घातलंय त्यात," आई अभिमानाने म्हणाली.

सासरे आतल्या खोलीत जाऊन लेकराची दुपटी पिशवीत भरू लागले.

तेवढ्यात दारात दत्ता उगवला. दत्ता माझ्या शेजारच्या मशीनवर असतो. चाकणजवळच्या खेड्यातला. शिफ्ट सुटल्या सुटल्या तसाच आलेला, अंगावर मशीनचं कूलंट आणि ऑइल. "आमी आलू बरं का! खीर न्हाई ना संपली, राव?"

माझ्या कडेवरची पोरगी एकदम थांबली. नाक वर केलं. आणि दोन्ही हात पसरून तिने दत्ताच्या अंगावर उडी घेतली! गळ्यात पडली! खांद्यावर मान टाकली!

सासरे पिशवी घेऊन बाहेर आले होते. त्यांनी दत्ताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग प्रज्ञाकडे.

"माझ्याकडे काय बघताय, बाबा? मी ह्यांना आज पहिल्यांदा बघतेय!"

"म्या काय न्हाई केलं, भावा! आईशपथ!" दत्ताला घाम फुटला. (त्याने वास आणखी वाढला. पोरगी आणखी खूश!)

आई पुढे झाली आणि तिने भर कार्यक्रमात दत्ताला हुंगलं. "अगं बाई! हा तर अगदी आपल्या अमोलसारखा घाणेरडा वास मारतोय! ए पोरा, काढ तो शर्ट!"

स्वयंपाकघराच्या पडद्याआड आमची अदलाबदल झाली. दत्ता किडकिडीत, त्यामुळे त्याच्या शर्टाची बटणं माझ्या पोटावर लागेनात. खिशावर दोऱ्याने 'दत्ता' असं नाव भरलेलं. दत्ता माझ्या सेंट मारलेल्या कुर्त्यात बाहेर आला, तो कुठल्याशा लग्नातला नवरदेवच.

मी हात पुढे केले. पोरीने माझ्याकडे पाहिलं. कॉलरीत नाक खुपसलं. मग माझा कान धरला आणि खुदकन हसली. सगळे हसले. मला मात्र रडू आलं, आणि मी ते अजिबात लपवलं नाही.

वंदना झाली. 'मैत्री' हे नाव जाहीर झालं. पांढऱ्याशुभ्र घोळक्याच्या मधोमध मी तेवढा तेलकट निळा. फोटोवाला मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही जरा मागे सरका, बाळाच्या पप्पांना बसू द्या," आणि त्याने दत्ताला हाताला धरून प्रज्ञाशेजारी आणलं.

"बसू का?" दत्ताने मला विचारलं. मी काही बोलायच्या आत फ्लॅश पडला.

दुसऱ्या दिवशी सासरे एकटेच लातूरला निघाले. दुपट्यांची पिशवी त्यांनी परत खुंटीला अडकवली. "ऱ्हाऊ द्या लेकरू हितंच, जावईबापू. पर त्यो शर्ट धुऊ नका."

तो शर्ट अजून माझ्याकडेच आहे. आंघोळ झाली, की तोच घालतो. परवा शेजारी नव्याने राहायला आलेल्या काकू घरी आल्या. त्यांनी भिंतीवरचा फोटो निरखला. "बाळाचे पप्पा रुबाबदार आहेत हो, कुर्त्यातले!" मग माझ्या खिशावरचं नाव वाचून विचारलं, "दत्ताभाऊ, कधी भेटतील ते?"

मैत्री माझ्या कॉलरीत नाक खुपसून नुकतीच झोपली होती. काकूंना सगळं समजावून सांगत बसलो असतो, तर ती नक्की उठली असती.

"त्यांचं काही खरं नाही हो, काकू," मी हळूच म्हणालो. "पोरगी माझ्याशिवाय कुणाकडे जातच नाही."