शेवटची सतरंजी

धुळ्याच्या आमच्या ख्रिस्ती देवळात तेव्हा बाकं नव्हती. सतरंज्या असत. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, आणि अगदी मागे, दाराजवळ, एक आखूड, विरलेली सतरंजी. तिच्यावर बाप्तिस्मा न झालेली माणसं बसत, आणि ज्यांना प्रभुभोजन घ्यायचं नसे ती. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातला घोट, प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्या मंडळीने मिळून घ्यायचा. नवऱ्याच्या मरणानंतर कित्येक वर्षं मी त्या मागच्या सतरंजीवर बसले.

मी मिशनच्या अनाथालयात वाढले. मोठ्या दुष्काळात रस्त्यावर सापडलेली पोर. आईबापांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत. जात कोणती, गाव कोणतं, कुळ कोणतं, कुणी काहीही विचारलं तरी माझ्याकडे उत्तर एकच असे, की मी ख्रिस्ती. दुसरं काही सांगायला नव्हतंच.

नवरा मात्र घरादाराचा माणूस. सोनगीरजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. शिकायला धुळ्याला आला, मिशनच्या शाळेत रमला आणि बाप्तिस्मा घेऊन बसला. घरी कळलं तेव्हा बापाने त्याच्या नावाने मडकं फोडलं. मेलेल्या माणसाचं करतात तसं सगळं केलं, जिवंतपणी. भावकीने सुतक पाळलं. आईने गळा काढून रडून घेतलं, डोक्यावरून पाणी घेतलं आणि विषय संपवला. लग्न झाल्यावर हे त्याने मला हसत हसत सांगितलं. म्हणाला, "माझं सगळं आधीच उरकलेलं आहे. तुला पुढे काही करावं लागणार नाही." अशी त्याची थट्टा. तो आमच्या शाळेत मास्तर झाला, मी मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक बघू लागले. मूल झालं नाही. बाकी संसार चांगला चालला होता.

मग मानमोडीची साथ आली. घरोघर ताप, दारोदार तिरड्या. नवरा पडला तो उठलाच नाही. ताप डोक्यात गेल्यावर त्याने मला ओळखायचं सोडलं आणि आईला हाका मारायला लागला. मी बोर्डिंगच्या गाडीवानाला खेड्यावर पाठवलं. निरोप एवढाच, की मुलगा जायला टेकलाय, तुम्हाला बोलावतोय, गाडीत बसून या. गाडी रिकामी परत आली. गाडीवान त्याच गावाकडचा, त्याने सासूचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"मनासाठे तो कवयच मरी गया. एक मानूस दोनदाव मरत नही." माझ्यासाठी तो केव्हाच मेला, एक माणूस दोनदा मरत नाही.

नवरा संध्याकाळपर्यंत "माय, माय" करत राहिला. मग थांबला.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. लोक म्हणत, बाई धीराची आहे. धीर कसला, आत काही हललंच नाही तर रडणार कशाने? दुसऱ्या आठवड्यात मी बोर्डिंगात भाकऱ्या थापत होते. मुली माझ्याकडे बघून हळू बोलत, त्याचाही राग आला नाही. फक्त सासूच्या त्या दोन वाक्यांपाशी गेलं की काहीतरी टोचायचं. तेवढी एकच जागा जिवंत राहिली होती, आणि ती रागाची होती.

आमच्या मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजन वर्षातून थोड्याच वेळा असे, आणि त्याच्या आदल्या शनिवारी मंडळीचे वडील दारोदार फिरत. वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे. आमच्या मंडळीचे वडील शाळेत हेडमास्तर होते, उंच, वाकलेले, नेहमी सर्दी झालेले. ते प्रत्येकाला एकच विचारत, "मन साफ आहे ना? कुणाविषयी काही नाही ना?" ज्याचं भांडण असेल त्याने ते आधी मिटवायचं, मग प्याल्याला तोंड लावायचं. लोक "साफ आहे" म्हणत आणि ते पुढच्या दाराला जात. कालच नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या बायकाही "साफ आहे" म्हणत.

मी "नाही" म्हटलं.

वडील गोंधळले. असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. "सासूविषयी का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. "क्षमा करावी लागते बाई." मी म्हटलं, "करायची कशी ते सांगा, करते." त्यांनी नाक पुसलं आणि पुढच्या दाराला गेले. दुसऱ्या दिवशी मी मागच्या सतरंजीवर बसले. पुढच्या वेळीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही. आमच्या पाळकसाहेबांचं प्रवचन बहुतेक वेळा देवाच्या प्रीतीवर असे. ती आधी आपल्यावर येते, मग आपल्यातून दुसऱ्यावर जाते, आणि असं जगणं म्हणजेच पवित्र जीवन, असं ते सांगत. मी लक्ष देऊन ऐके. माझ्यावर काही आलेलं मला दिसत नव्हतं, तर जाणार कुठून? गंमत अशी, की प्याल्यातलं पेय मीच बनवत असे. शनिवारी मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. सगळ्या मंडळीने ते प्यायचं आणि मी मागून बघायचं.

अशी बरीच वर्षं गेली. एका उन्हाळ्यात दुपारी मी बोर्डिंगातून घरी आले तर दारात एक म्हातारी बसलेली. शेजारी गाठोडं आणि एक पितळी तांब्या. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण नाक पाहून ओळखलं. नवऱ्याचं नाक.

"मना आंडोरनं घर हाईच का?" तिने विचारलं. माझ्या मुलाचं घर हेच का.

मी हो म्हटलं. सासरे गेले होते. थोरला मुलगा बायकापोरं घेऊन सुरतेला गिरणीत गेला होता आणि म्हातारीला न्यायचं विसरला होता. भावकीत कुणी विचारेना. ती म्हणाली, "मी तुना हातनं खावाव नही. पन आठेच ऱ्हासू."

तुझ्या हातचं खाणार नाही, पण राहीन इथेच. याला म्हणतात तोरा! मी बाजूला झाले आणि ती आत आली. मी तिला का घेतलं, हे मला पुढे पुष्कळांनी विचारलं. खरं उत्तर असं, की दारात बसलेल्या म्हाताऱ्या बाईला हाकलून द्यायला जो जोर लागतो तोही माझ्यात उरला नव्हता. लोकांनी मात्र त्याचं भलतंच केलं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत माझा उल्लेख केला. बायका म्हणू लागल्या, बघा, प्रीती म्हणतात ती ही. मला हसू यायचं. घरात आम्ही दोघी दिवसाकाठी चार शब्द बोलत नव्हतो.

ओसरीच्या कोपऱ्यात तिने आपली चूल मांडली. आपली भाकरी आपण करायची. पाणी माझ्या घड्यातलं चालायचं नाही, ती पांझरा नदीवरून आपलं आपण आणायची. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. तरी घडा माझ्या हाती देईना. मग मी पुढे चालायची आणि ती माझ्या चपलांच्या आवाजावर मागून यायची, डोक्यावर घडा घेऊन. वाटेत दगड आला तर मी "दगड" म्हणायची. त्याखेरीज काही बोलायची नाही. मुलाचं नाव तिने कधी काढलं नाही, मीही नाही. मला वाटे, एकदा तरी हिने म्हणावं की मी चुकले. ते ऐकल्याशिवाय मला सुटका नव्हती, आणि ती तर मडक्यासारखी गप्प.

डोळे पार गेल्यावर तिला रविवारी एकटीला घरात भीती वाटू लागली. मग ती माझ्याबरोबर देवळात येऊ लागली. आम्ही दोघी शेवटच्या सतरंजीवर बसायचो. तिला गाणी आवडत. प्रवचनात डुलक्या घ्यायची.

त्याच सुमाराला वडिलांनी मला निक्षून सांगितलं. मंडळीत कुजबुज होते, बोर्डिंगच्या मुली विचारतात, वर्षानुवर्षं प्याल्यापासून दूर राहणाऱ्या बाईला ख्रिस्ती म्हणायचं कसं? आणखी एकदा असं झालं तर नाव मंडळीतून कमी होईल. नाव कमी झालं की बोर्डिंगचं काम गेलं आणि मिशनची खोलीही गेली. पण मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ते नाव गेल्यावर मी कोण म्हणून राहणार? तरी त्या शनिवारी त्यांनी विचारलं तेव्हा तोंडातून "नाही"च निघालं. वडील म्हणाले, "आणखी एकदाच वाट बघतो, बाई," आणि गेले.

त्या रविवारी पाळकसाहेब तापाने पडले होते. त्यांच्या जागी नगरकडचे एक वृद्ध पाळक आले होते. आमच्या सतरंज्यांची भानगड त्यांना कुठून माहीत असणार? पुढच्या रांगा झाल्या तसे ते प्याला घेऊन सरळ मागे चालत आले. वडील हात करून थांबवायला गेले, पण उशीर झाला होता.

सासूला पावलं ऐकू आली. कुणीतरी पुढ्यात येऊन थांबलं एवढं तिला कळलं, आणि जन्मभराच्या सवयीने ती जे करत आली तेच तिने केलं. उजवा तळहात खोलगट केला, खाली डावा हात लावला, डोक्यावर पदर ओढला. गावच्या देवळात तीर्थ घेतात तसं. ते म्हातारे पाळक क्षणभर तिच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी प्याला कलता करून तिच्या तळहातावर थोडं ओतलं. ती प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मग त्यांनी प्याला माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. ते परत गेले.

सगळं देऊळ मागे वळून बघत होतं. जिने मुलाला जिवंतपणी मेलेला मानलं तिने घेतलं, आणि मी कोरडी. मला काहीच वाटलं नाही. फक्त तोंड सुकलं होतं.

दुपारी वडील घरी आले, रागावलेले. बाप्तिस्मा नसलेल्या बाईने प्रभुभोजन घेतलं, असं आजवर झालं नव्हतं. आता एक तर हिने बाप्तिस्मा घ्यावा, नाही तर देवळात येऊ नये. सासू ओसरीवरून म्हणाली, "मी तुमनी व्हवाव नही." मी तुमच्यातली होणार नाही. वडील निघून गेले.

"काय व्हतं वं ते?" तिने मला विचारलं.

"मनुकांचं पाणी."

"कोनी करेल?"

"मीच केलं होतं."

तिने आपला तळहात चाचपला. मग म्हणाली, "तीर्थ शे. चालस." तीर्थ आहे, चालतं. आणि पुन्हा विचारलं, "पन कसानं तीर्थ? कोनं?"

मी सांगायला लागले. बोर्डिंगच्या मुलींना सांगते तसंच, सवयीने. एक चांगला माणूस होता, आम्ही त्याला देव मानतो. लोकांनी त्याला पकडून लाकडावर खिळलं. त्याच्या मरणाची आठवण म्हणून आम्ही हे पितो. त्याचे सगळे सोबती भिऊन पळून गेले होते.

"त्याले माय व्हती का?"

"होती."

"ती कोठे व्हती तवय?"

"तिथेच. तो मरेपर्यंत समोर उभी होती."

तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. चूल विझलेलीच होती. मग म्हणाली, "ती गयी. मी नही गयी."

हेच ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. मला वाटलं होतं, हे ऐकलं की मोठं ओझं उतरेल, आपण जिंकू. तसं काही झालं नाही. समोर एक आंधळी बाई विझलेल्या चुलीपाशी बसली होती, एवढंच.

"काय बोलना तो?" तिने विचारलं. "मराना टाइमले."

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे केव्हाचं तयार होतं. धार लावून ठेवलेलं. मी म्हटलं, "माय म्हणाला."

"कितीदाव?"

"संध्याकाळपर्यंत, आत्याबाई."

तिने तोंड पदरात घातलं. आवाज आला नाही, फक्त खांदे हलत राहिले. मी उठून तिच्याजवळ बसले. पाठीवर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वर्षांत मी तिला कधी शिवलेच नव्हते. ती माझ्याकडे सरकली. आणि मग मला रडू आलं. नवऱ्यासाठी, तिच्यासाठी, कुणासाठी ते सांगता येत नाही. पण ते आलं आणि थांबेना. शेजारची बाई भाजी निवडायची सोडून कुंपणाशी येऊन उभी राहिली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी वडील आले. या खेपेला ते दारातच उभे राहिले, आत येईनात. मी आधीच सांगून टाकलं, की म्हातारीचा बाप्तिस्मा होणार नाही, पण ती देवळात येणार आणि माझ्या शेजारी बसणार.

"ते बघू," ते म्हणाले. "तुमचं सांगा. मन साफ झालं का?"

"साफ नाही झालं," मी म्हटलं. "पण रडू आलं."

वडिलांनी नाक पुसलं. ओसरीवर बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता नाव काढल्याचं सांगतील.

"या," ते म्हणाले. "पुढे येऊन बसा. दोघी."