धुकं नव्हतं म्हणे

"हिला जरा लांब बसवा. मासळीचा वास मारतो."

साहेब माझ्याकडे न बघताच म्हणाला. शिपायाने खुर्ची दाराकडे सरकवली. मी उठले, पुन्हा बसले. बल्लारपूरचा बाजार बुडवून, अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून आले होते. तरी मुकाट सरकले. त्याचाच राग अजून येतो.

विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेचं छोटं विमान आमच्या गावच्या तलावात पडलं होतं. आत शिकणारी मुलगी, एकटीच. मी आणि माझ्या दिराने तिला पाण्यातून डोंग्यात ओढून घेतलं. जिवंत आहे, पण दवाखान्यात. बोलत नाही. सरकारी चौकशी लागायच्या आधी संस्थेचा हा साहेब साक्षी लिहून घेत होता.

"त्या दिवशी काय पाहिलं?"

"काईच नाई दिसलं, साहेब. धुकं होतं. आमी डोंग्याच्या काठावर बांबू ठोकून राह्यलो होतो."

धुकं दाटलं की आम्ही मासे धरणारे ढिवर लोक बांबू ठोकतो. दुसरा डोंगा कुठे आहे ते आवाजावरून कळतं, टक्कर होत नाही. त्या सकाळी डोक्यावर विमान घरघरायला लागलं, तेव्हा आम्ही आणखी जोरात ठोकलं. वाटलं, विमानवाल्याला कळेल खाली माणसं आहेत, बाजूने जाईल. हेही मी सांगून टाकलं.

"विमानाला बांबू ऐकू येतो?"

साहेब हसला. शिपाई हसला. आणि लाज वाटते सांगायला, मीही हसले. ओशाळून.

मग टाइप केलेला कागद पुढे आला. "अंगठा लाव."

"मले वाचता येते."

दहावी झाले आहे मी. कोणी विचारलंच नव्हतं. कागदावर माझं नाव, आणि माझ्या तोंडचं म्हणून लिहिलेलं: आकाश निरभ्र होतं. विमान लांबून स्वच्छ दिसत होतं. वेडंवाकडं उडत होतं.

म्हणजे सगळा दोष त्या पोरीच्या माथी. जिला तोंड उघडता येत नाही तिच्या. जिला मी पाण्यातून काढलं तिलाच माझ्या सहीने बुडवायचं. माझं डोकं तापलं.

"हे मी नाई बोलली. सही नाई करत."

"बाई, तुला यातलं काय कळतं?"

"धुकं कळते, साहेब. तुमाले काऊन नाई कळत?"

आता कोणी हसलं नाही.

"जा," तो म्हणाला. "साक्षीदार दुसरे मिळतील."

मिळतीलही. म्हणून घरी येऊन मी पोराच्या वहीत सगळं माझ्या हाताने लिहिलं. खाली सही केली, दिराचीही घेतली. एक प्रत कलेक्टर कचेरीत देणार, एक त्या पोरीच्या बापाला. चौकशीला बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तरी जाईन. तसल्या धुक्यात तिला वर कोणी पाठवलं, हे सगळ्यांसमोर विचारल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.