स्वच्छ टाकीतली कोळंबी

आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींना कोळंबीचा भारी लळा. वीस वर्षं त्या टाक्या धुतायत, पाणी बदलतायत, आणि रोज सकाळी "काय गं बायांनो, झोप झाली का?" अशी चौकशीही करतायत.

यंदा मी दोन टाक्या मांडल्या. एकीत शेतात फवारतात ते कीटकनाशक, अगदी थेंबभर. दुसरीत नुसतं समुद्राचं पाणी. औषधाच्या टाकीतल्या कोळंबीच्या स्नायूंमधली प्रथिनं घटणार, असं मी सरांना छातीठोकपणे सांगून बसले होते. महिन्याने मोजली, तर स्वच्छ टाकीतलीच जास्त घटलेली! तीनदा मोजली, तरी तेच. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती प्रथिनं मीच खाल्ली होती.

"मावशी, या टाकीत काही घातलंत का?"

"छे! उलट हिलाच तर जपते. एक डास फिरकू देत नाही." आणि मावशींनी ऐटीत कपाटामागून डासांच्या स्प्रेचा डबा काढला. "रोज दोनदा मारते. त्या दुसरीत तुमचं औषध आहेच की!"

मी कपाळाला हात लावला आणि हसत सुटले. सरही पोट धरून हसले. मावशीसुद्धा हसल्या, पण हसता हसता थांबल्या. त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला, मग स्वतःचा दंड चाचपला.

"घरी तर मी हा अकरा वर्षं मारतेय," त्या म्हणाल्या. "तरीच म्हटलं, आमच्या ह्यांच्याने साधं बरणीचं झाकण कसं उघडत नाही!"