आठव्या खड्ड्याचा देव

बोलल्यावाचून राहवत नाही अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ज्या खेळाची काठी जन्मात हातात धरली नाही त्या खेळाबद्दल सकाळी तोंड धुतल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत बोलत राहणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे धामणगाव बढ्याचे, घरी कापसाची आणि ज्वारीची बऱ्यापैकी जमीन. ती धाकट्या भावाच्या गळ्यात घालून हे गृहस्थ बुलढाण्याला येऊन साहेबलोकांच्या गोल्फच्या मैदानावर मुकादम झाले होते. सासुरवाडीत त्यावरून कमी टोमणे झाले नाहीत. पण ते कुणाचं ऐकतील तर शपथ. मला म्हणायचे, "साडभाऊ, वावर तं काय, सारेच करते. हे मैदान कोन करन?"

त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि बुलढाण्याची हवा थंड म्हणून साहेबलोक इथे खूश असत. गावाबाहेर घाटाच्या डोक्यावर जे मुरमाड पठार आहे, त्यावर त्यांनी नऊ खड्डे खणून, नऊ निशाणं रोवून मैदान आखलं होतं. खेळ सांगायला सोपा. लहानसा पांढरा चेंडू वाकड्या टोकाच्या काठीने मारत मारत खड्ड्यात घालायचा. कमी फटक्यांत घालेल त्याने तो खड्डा जिंकला. विलायतेत म्हणे खड्ड्याभोवती गालिच्यासारखं गवत असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसाला प्यायला पाणी नाही, तिथे गवताला कोण घालणार? म्हणून खड्ड्याभोवती बारीक वाळूत तेल कालवून गुळगुळीत गोल अंगण करत. ही वाळू साडू मुद्दाम बैलगाडीने नळगंगेतून आणवत, दोनदा चाळत आणि फडा स्वतः धरून सारखी करत. शेतकऱ्याचा जन्म, त्यांच्या लेखी ते गोल अंगण म्हणजे खळं. खळ्यावर कुणी चपला घालून जातं का? मग इथेही जायचं नाही. एकदा खुद्द कमिशनर साहेब बुटांसकट वाळूवर चढायला लागले, तर हे हात जोडून आडवे उभे राहिले. साहेबाला वाटलं, माणूस अर्ज घेऊन आला आहे. शेवटी साहेबाने बूट काढले, मोज्यांनी वाळूवर जाऊन चेंडू घातला आणि तो एका फटक्यात गेला. तेव्हापासून बुलढाण्याला बूट काढून खेळायची रीतच पडली.

दुसरा प्रकार कापसाचा. बंडीच्या खिशात चिमूटभर कापूस नेहमी असायचा. वारा पाहायचा तर हे त्यातला जरासा पिंजून हवेत सोडत आणि तो कुठे जातो ते डोळे बारीक करून बघत. हे मैदानावर ठीक होतं. पण माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी मांडवात कापूस सोडला आणि भटजींना सांगितलं, "महाराज, जरा इकडून उभे राहा, अक्षता वाऱ्यावर जातीन." भटजी राहिले. अक्षता मात्र सगळ्या व्याह्यांच्या पगडीत गेल्या.

नियमांचं इंग्रजी पुस्तक मी त्यांना दर रविवारी मराठीत सांगत असे. मी मुन्सफ कोर्टात कारकून, तेवढं इंग्रजी मला होतं. त्यांना ते पुस्तक माझ्यापेक्षा जास्त पाठ झालं. आणि मग सुरू व्हायचं प्रत्येक खड्डा कसा खेळावा याचं कीर्तन. "पयल्या खड्ड्याले जोर लावाचाच नाई. उतार हाय, मुरूम हाय, चेंडू आपल्या पायानं चालत जाते. दुसऱ्याले नाला हाय. त्याच्या अलीकडं थांबाचं, उडी माराची नाई. तिसऱ्याले उजवीकडे ज्वारी हाय. तिकडं पाह्यलं का चेंडू तिकडंच जाते, म्हून पाहाचंच नाई." चौथ्याचं निशाण चढामुळे दिसत नाही, म्हणून पळसाच्या शेंड्यावर नजर ठेवायची. पाचव्याला जुनी दगडाची खदान ओलांडायची, ती डोळे मिटून, कारण उघड्या डोळ्यांनी खदान दिसते आणि हात आखडतो. सहाव्यावरून गावची गुरं जातात. चेंडू खुराच्या खळग्यात अडकला तर रागवायचं नाही. सातवा घाटाच्या कडेने. तिथे निशाणावर मारायचंच नाही, डावीकडे पार घाटाच्या तोंडावर मारायचं, खालून येणारा वारा चेंडू उजवीकडे आणून ठेवतो. "भरोसा ठेवा लागते," ते म्हणत, "नाई ठेवला का चेंडू गेला घाटाखाली मोताळ्याले."

मी एकदा विचारलं, "एवढं कळतं तर एकदा मारून का बघत नाही?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "काऊन मारू? एकदा का मी चुकलो, का मंग माह्यं कोन आयकन?"

ऐकायचे कोण, हाच प्रश्न होता. जंगलखात्याचे साहेब क्लबाचे सेक्रेटरी होते आणि मैदानावरचे सगळ्यांत पट्टीचे खेळाडू. एकदा त्यांनी काठी उगारली, आणि फटका बसायच्या नेमक्या क्षणी साडू मागून म्हणाले, "जास्त होते साहेब!" चेंडू ज्वारीत गेला. साहेब लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी सही-शिक्क्याचा कागद आला आणि तो वाचून दाखवायचं माझ्या नशिबी आलं: खेळ चालू असताना मुकादमाच्या तोंडून एक शब्द निघाला, तर त्या दिवसापासून त्याची मुकादमी गेली, आणि त्याने मैदानात पाऊलही टाकायचं नाही. साडूंनी तो मला तीनदा वाचायला लावला. मग काहीही न बोलता उठून गेले, आणि मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

त्याच वर्षी आमचे मुन्सफ साहेब, नागपूरकडचे मराठी गृहस्थ, क्लबात घेतले गेले. आपल्यातला पहिलाच माणूस. साडूंनी त्यांना मैदानाबाहेर, कोर्टाच्या पडवीत, महिनोन्‌महिने नऊ खड्डे तोंडी शिकवले. मुन्सफ साहेब गुणी निघाले. संक्रांतीच्या सुमाराला क्लबाच्या कपाचा शेवटचा सामना लागला, तो मुन्सफ साहेब आणि जंगलसाहेब यांच्यातच.

साडूंना मुकादम म्हणून बरोबर चालणं भाग होतं, आणि गप्प राहणंही. माझी थोरली मेहुणी शहाणी बाई. तिने चिक्कीसारख्या कडक पाकातले तिळाचे नऊ लाडू बांधून दिले, खड्ड्याला एक. सारं जग तीळगूळ खाऊन गोड बोलतं. आमचे साडू न बोलण्यासाठी खात होते. मला मेहुणीने बजावलं, "त्यायच्या बाजूनंच चाला भाऊजी. बोलाले लागले का चिमटा काढा. मैदान गेलं तं हा मानूस जगनार नाई."

पहिल्या खड्ड्याला मुन्सफ साहेबांनी हलका फटका मारला आणि चेंडू खरंच आपल्या पायाने चालत गेला. साडूंचे डोळे चमकले. दुसऱ्याला जंगलसाहेबांनी नाला एका फटक्यात ओलांडला आणि बरोबरी केली. तिसऱ्याला मुन्सफ साहेबांनी काठी उगारली आणि, देवाशपथ सांगतो, उजवीकडे ज्वारीकडे एकदा पाहिलंच. साडूंनी माझा दंड असा धरला की वळ चार दिवस होता. दातांखाली लाडू कडकन फुटला, पण शब्द निघाला नाही. तो खड्डा गेला. चौथा पळसाच्या शेंड्याने परत मिळवून दिला. खदानीवर दोघेही पार झाले, तो बरोबरीत सुटला. सहाव्याला गुरांच्या खुराच्या खळग्यात मुन्सफ साहेबांचा चेंडू अडकला आणि तो खड्डा गेला, आणि सातव्याला त्यांनी निशाण सोडून चेंडू सरळ घाटाच्या तोंडावर मारला. जंगलसाहेब हसले. चेंडू कड्याबाहेर गेल्यासारखा दिसला. मग खालच्या वाऱ्याने त्याला उचललं आणि तो वळून वाळूच्या कडेला येऊन पडला. साडूंनी उपरण्याने डोळे पुसले. तीन खड्डे यांचे, तीन त्यांचे, राहिले दोन.

आठव्या खड्ड्याच्या वाटेत म्हसोबाचा ओटा आहे. शेंदूर फासलेला दगड, वर लिंबाचं झाड. चेंडू ओट्यावर पडला तर दंड न घेता उचलून बाजूला ठेवायचा, असा नियम साडूंनीच पूर्वी क्लबाच्या गळी उतरवला होता. मुन्सफ साहेबांचा फटका जरा घाईचा झाला आणि चेंडू नेमका ओट्याकडे गेला. काही बिघडलं नव्हतं. आम्ही तिथे पोचलो तेव्हा मात्र ओट्यापुढे एक म्हातारी माळीण बसली होती, बाजूला मेथीची पाटी. तिची म्हैस आठ दिवस आटली होती, म्हणून ती म्हसोबाला शेंदूर लावायला आली होती. डोळे मिटून नवस बोलली, डोळे उघडले, तर म्हसोबाच्या पायाशी वाटोळा, पांढरा, नवा देव. तिने काय करावं? त्यालाही शेंदूर लावला, हळदीकुंकू वाहिलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं.

"बाई, तो आमचा चेंडू आहे," मुन्सफ साहेब वाकत म्हणाले.

"नोको रे बाबू, हात नोको लावू!" म्हातारी ओट्यावर आडवीच झाली. "आताच निंघाला. माह्या डोयापुढं निंघाला!"

जंगलसाहेबांनी घड्याळ काढलं. "गेंद उठाओ, या दूसरा लो. जल्दी." दुसरा चेंडू म्हणजे एक फटका जास्त मोजायचा, आणि एवढ्या चुरशीत तो फटका म्हणजे खड्डा गेल्यात जमा. मुन्सफ साहेबांनी पुन्हा हात पुढे केला. नियम त्यांच्या बाजूने होता. म्हातारी एका हाताने त्यांचा हात अडवत होती, आणि तिचं तोंड असं झालं होतं की मी दुसरीकडे पाहिलं.

मी साडूंना चिमटा काढायला तयार होतो. त्यांनी आठवा लाडू तोंडातून काढून हातात घेतला.

"राहू द्या साहेब," ते शांतपणे म्हणाले. "थो आता देव झाला. दुसरा घ्या, एक फटका जास्त मोजा."

मुन्सफ साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि खिशातून दुसरा चेंडू काढला. आठवा खड्डा त्या एका फटक्याने गेला. नवव्याला बरोबरी झाली, आणि कप जंगलसाहेबांकडे गेला. क्लबाच्या बंगल्यापाशी आल्यावर जंगलसाहेबांनी साडूंचा हात हातात घेतला, बराच वेळ धरला. पण कागद तो कागद. मुकादमी त्याच संध्याकाळी गेली.

पुढचे आठ दिवस साडू घरात भिंतीकडे तोंड करून पडून होते. कापूसही सोडत नव्हते. मेहुणी रडायची, आणि मी कोर्टातून येता-जाता तिथे डोकावून परत यायचो. इकडे माळणीच्या म्हशीने दूध दिलं होतं, आणि तिने ते सगळ्या बाजारभर सांगितलं होतं. रविवारी आठव्या खड्ड्यावर बायकांची रीघ लागली. ते कानावर आलं तसे साडू उठले, अंघोळ केली, नारळ घेतला आणि निघाले. मुकादमाला मैदानात यायची बंदी होती. म्हसोबाला जाणाऱ्या भक्ताला कोण अडवणार? नारळ फोडला, ओट्यावर लिंबाखाली बैठक मारली, आणि जंगलसाहेब आठव्याला आले तेव्हा देवाकडे तोंड करून, हात जोडून मोठ्याने म्हणाले, "देवा म्हसोबा, आज वारा डावीकडून येऊन राह्यला. जरा डाव्या अंगानं मारलं तं बरं." जंगलसाहेब थांबले. डाव्या अंगाने मारलं. नंतर कितीतरी वर्षं दर रविवारी हे असंच चाललं.

साहेब गेले, निशाणं गेली, वाळूवर कुसळी गवत आलं. साडू तरी जायचे, आणि मोकळ्या माळाला नऊच्या नऊ खड्डे सांगून यायचे. मी म्हणायचो, "पुरे आता साडभाऊ, गप्प बसा, कुणी खेळत नाही तिथे." जन्मभर मी त्यांना दुसरं काही म्हटलंच नाही.

ते गेल्यानंतर मेहुणीने त्यांची बंडी मला दिली. खिशात चिमूटभर कापूस होता. मी एका रविवारी ओट्यावर गेलो. चेंडूवर शेंदराचे इतके थर चढलेत की तो आता नारळाएवढा झाला आहे, आणि त्यात चेंडू आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नसेल. मी नमस्कार केला, खिशातला कापूस पिंजून सोडला. तो डावीकडे, घाटाकडे निघाला. "डाव्या अंगानं मारा, साहेब," मी मोठ्याने म्हणालो आणि कान देऊन बसलो. मी चुकीचं सांगितलं असणार. पण चूक काढायला कुणी बोललं नाही.