घासलेलं दार

काकूंचं आणि पसाऱ्याचं वैर जुनं. चित्रकाराच्या घरी त्या स्वयंपाकाला लागल्या तेव्हा त्यांचे केस काळे होते, आणि ते पांढरे व्हायला वयापेक्षा त्या घरातले रंगच जास्त कारणीभूत झाले, असं त्या सांगत. साहेब चित्र काढता काढता हाताला लागेल त्याला कुंचला पुसत. पडदा, खुर्चीची पाठ, कधी काकूंनी नुकताच घडी करून ठेवलेला टॉवेलसुद्धा. सगळ्यांत लाडकं म्हणजे चित्र काढायच्या खोलीचं दार. त्यावर रंगाचे इतके थर चढले होते की ते धड लागतही नसे. काकू घासणी घेऊन निघाल्या की साहेब आडवे येत आणि म्हणत, "काकू, मी मेल्यावर पुसा."

साहेब गेले, पण दार पुसायची मुभा काही मिळाली नाही. घराचं संग्रहालय झालं. काकूंना स्वयंपाकघरामागची खोली आणि घर सांभाळायची नोकरी मिळाली, ती एका अटीवर. नवा व्यवस्थापक तरुण, पण शिस्तीला भलताच कडक. इथली काडी हलली तर नोकरीही गेली आणि खोलीही, असं त्यानं बजावून ठेवलं. जो पसारा आवरायला जन्मभर हात शिवशिवले, त्याचीच आता पगार घेऊन राखण करायची! रंगाची चुरगळलेली चिंधी काकू उचलत, खालची धूळ पुसत आणि चिंधी पुन्हा होती तशी चुरगळून ठेवत. बघायला आलेल्या माणसांना "हात लावू नका" म्हणताना त्यांना स्वतःचंच हसू येई.

मग एक दिवस साहेबांची धाकटी बहीण घर बघायला येणार असल्याचा निरोप आला. या ताई संग्रहालय झाल्यापासून एकदाही फिरकल्या नव्हत्या. ताई येणार म्हटल्यावर काकूंचं अंग जुन्या सवयीनं कामाला लागलं. घरी कुणी यायचं म्हणजे घर लख्ख हवं. त्यांनी बाह्या सरसावल्या, सोड्याचं गरम पाणी केलं, तारेची घासणी घेतली. दाराचं खालचं लाकूड डोकावायला लागलं तेव्हा कुठे त्यांना आठवलं की आता आपलं काम पुसण्याचं नाही, जपण्याचं आहे.

ताई यायला थोडाच अवकाश होता. काकूंनी अडगळीतल्या खोक्यातून उरल्यासुरल्या रंगाच्या नळ्या काढल्या, दाबून दाबून पिळल्या आणि साहेबांसारखे तिरके फटकारे दारावर ओढायला सुरुवात केली. आधी त्या बेताबेतानं ओढत होत्या. पण तांबडा झाला, पिवळा झाला, निळ्यापाशी आल्यावर त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं की यात भलतीच मजा आहे.

व्यवस्थापक ताईंना घेऊन आला. त्याला सर्दी झाली होती, म्हणून ताज्या रंगाचा वास त्याच्यापर्यंत पोचला नाही. साहेबांच्या मनःस्थितीबद्दल तो दारापुढे बराच वेळ बोलला. ताईंनी नुसती मान डोलावली. त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला, तशी त्यांनी दाराला हळूच बोट लावलं. बोट निळं झालं.

"काकू," त्या हातरुमालाला बोट पुसत म्हणाल्या, "दादा वर जाऊन उजव्या हातानं रंगवायला शिकला वाटतं."

काकूंनी दाराकडे पाहिलं. साहेब डावखुरे. त्यांचा प्रत्येक फटकारा उलट्या बाजूला झुकलेला असे. इतकी वर्षं ते डाग शिव्या घालत बघितले, आणि ऐन वेळी एवढं विसरावं!

"माझी खोली जाईल हो, ताई," काकू पुटपुटल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

ताई हसता हसता खुर्चीवरच बसणार होत्या. काकूंनी घाईघाईनं त्यांना दंडाला धरून थांबवलं.

"तुमच्या व्यवस्थापकाला सांगते, की दार मी पुसायला लावलं आणि मीच रंगवायला लावलं," ताई म्हणाल्या. "खोटं का होईना, फार तर मला रागावेल. बहिणीच्या पदावरून मला काढणं काही त्याच्या हातात नाही. आणा तो कुंचला. दादानं लहानपणी मला कधी हात लावू दिला नाही."

त्यांनी कुंचला डाव्या हातात धरला, दारावर एक लांबलचक हिरवा फटकारा ओढला, मान तिरकी करून तो न्याहाळला आणि सहज वळून पडद्याकडे हात नेला.

"ताई, पडद्याला नाही," काकू ओरडल्या, "आत्ता धुतलाय मी."

मग त्यांनी जीभ चावली. पडदासुद्धा धुवायचा नव्हता.