उजेडानं मान हलवली

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असता, तर भुताची एक खोटी गोष्ट मी गावभर पसरू दिली नसती... आज वय चौऱ्याहत्तर. तुम्ही सगळे इथं आपले अनुभव लिहिता, मी वाचत असतो. माझाही एक आहे. पण आधी ते खोटं सांगावं लागेल.

मी मुळशी धरणाकाठचा वायरमन. पंपाची कामं मी आणि नामदेव जोडीनं करायचो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका रिसॉर्टच्या जमिनीखालच्या टाकीतला फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपाच्या बुडाशी असतो तो, बदलायचा होता. टाकी कित्येक महिने बंद. तोंड जेमतेम दोन फुटी, आत मिट्ट काळोख. दोन्ही हात पान्यात गुंतणार म्हणून नामदेवनं नेहमीसारखी बॅटरी दातांत धरली. मग बोलता यायचं नाही. म्हणून आमची खूण ठरलेली – मी वरून विचारायचं, "नाम्या, बरा हायेस ना?" आणि त्यानं उजेड दोनदा वर-खाली करायचा, मान हलवल्यासारखा. उत्तर आलं नाही, तर मी कमरेचा दोर ओढायचा.

"बॅटरी तोंडात हाय तवर तरी तुजी बडबड बंद," मी म्हणालो. त्यानं शिवी हासडावी तसा झोत माझ्या डोळ्यांवर मारला आणि आत उतरला.

तो जिवंत वर आला नाही. बंद टाकीतली हवा बाधली.

मी सगळ्यांना सांगितलं, "मी तोंडाशीच होतो. विचारलं, त्यानं दोनदा उजेड हलवला, आणि लगेच अंधार झाला." पण डॉक्टर म्हणाले, तो त्याच्या बऱ्याच आधी गेला असणार. झालं! "मेल्यावर बी नाम्यानं जबाब दिला!" असं लोकच बोलू लागले. मी गप्प बसलो.

खरं हे, की मी तिथं नव्हतोच. रिसॉर्टच्या किचनमध्ये टीव्हीवर मॅच चालू होती. दोन ओव्हर बघून येतो म्हणून गेलो आणि डाव संपेपर्यंत बसलो. परत आलो तेव्हा टाकीत उजेड नव्हता.

नामदेवची बायको सखूवहिनी त्या गोष्टीच्याच आधारानं जगली. "जाता जाता बी तुमास्नी उत्तर देऊन गेलं, भावजी," म्हणायची. मी हो म्हणायचो.

आता माझा अनुभव. गेल्या दिवाळीच्या आधी, दुपारी साडेतीनची वेळ. आमच्या भाड्याच्या खोल्यांवर, पत्रा आणि सीलिंगच्या मधे उंदरानं वायर कुरतडली होती. माझ्या जावयानं कपाळाला बांधायचा हेडलॅम्प दिला होता – हात मोकळे. पोटावर सरपटत आत गेलो. डोकं लोखंडी अँगल आणि पत्र्यात असं अडकलं, की तसूभर हलेना. दातांत टेपची गुंडाळी. सीलिंगच्या काढलेल्या फळीतून वर बघत बायको खालून ओरडली, "अवं, बरं हाय ना?"

आणि समोरच्या पत्र्यावरचा उजेड वर-खाली झाला. दोनदा. सावकाश.

माझं डोकं हललं नव्हतं... हलूच शकत नव्हतं. दिवा चाचपला. पट्टा कपाळात रुतलेला.

"माना काय डोलावताय? त्वांड न्हाई का?" खालून बायको. म्हणजे तिलाही दिसलं होतं.

जावयानं दिवा उलटा-सुलटा करून तपासला. "मामा, धक्का लागला असेल." असेल. पण दोनदाच? आणि विचारल्यावरच?

त्याच आठवड्यात सखूवहिनीकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. मॅचपासून सगळं सांगितलं. तिचा हात चालूच होता. मग तिनं विचारलं,

"बॅटरी कुटं घावली हुती, भावजी?"

"तळाला."

"म्हंजी तोंडातनं पडली."

"व्हय."

तिचा हात थांबला. "मग त्येंनी त्वांड उघाडलं आसल... हाक मारली आसल."

एवढ्या वर्षांत हे माझ्या मनात आलं नव्हतं. की मीच येऊ दिलं नव्हतं, कोण जाणे.

तो उजेड कसा हलला, ते मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर सांगा. वहिनी म्हणाली ते मात्र मला कुणी सांगायला नको. हाक मारली असणार. आणि माझंच नाव घेऊन मारली असणार.