मोहाखालची पानं

सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकमध्ये मैत्रेयीइतकं कमी बोलणारं मराठी माणूस दुसरं नाही. ती कसर मी भरून काढते. ती रॅफल्स प्लेसच्या ज्या कंपनीत आहे, तिचा धंदा माझ्या डोक्यात शिरायला वर्ष लागलं. गावाने जंगल राखायचं, कंपनीने गावाला दरसाल पैसे द्यायचे आणि राखल्याचं श्रेय तिसऱ्याच बड्या कंपनीला विकायचं. जंगल खरंच राखलं का, हे मैत्रेयी उपग्रहाच्या नकाशावर बघते.

तिचे वडील सातपुड्यात आश्रमशाळेवर मास्तर होते. तिथलंच एक पावरा आदिवासी वस्तीचं गाव तिने या भागीदारीत आणलं. ग्रामसभेच्या अध्यक्ष शांताबाई करार करताना म्हणाल्या होत्या, "कंपनी कोण, आम्हाला ठाऊक नाही. मास्तरांच्या पोरीला ओळखतो." हे मला सांगताना मैत्रेयी चक्क हसली होती. त्या पैशातून गावाने राखणदार नेमले आणि चोरटी तोड थांबली.

मग एका मार्चमध्ये नकाशावर आगीचे लाल ठिपके उठले. मोहाची फुलं गळायच्या आधी तिथल्या बाया झाडाखालचा पाचोळा जाळतात. जमीन साफ झाली की वेचायची फुलं दिसतात, आणि पानांत काही दडून बसत नाही. मैत्रेयीने हे साहेबांना समजावलं. साहेब भले गृहस्थ, त्यांना पटलंही. पण हद्दीत आग दिसली की करार रद्द, ही श्रेय विकत घेणाऱ्यांची अट. साहेबांनी एवढ्या खेपेला सांभाळून घेतलं.

तिने शांताबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू सांगतेस ना? मग नाही जाळणार."

पुढच्या मोसमात मी डबा परत द्यायला तिच्याकडे गेले, तर तिची लेक जाई लॅपटॉपसमोर नाचत सिंगापुरी इंग्रजीत ओरडत होती. "नो फायर लाह, आई! सो गुड!" एकही ठिपका नव्हता. ऑफिसात म्हणे टाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. पाचोळ्यातून फुलं वेचताना शांताबाईंच्या सुनेला फुरसं चावलं होतं. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मैत्रेयी पुन्हा साहेबांकडे गेली. त्यांना फार वाईट वाटलं. अट मात्र पुढच्या करारात बघू म्हणाले.

"लाथ मार त्या नोकरीला!" मी भडकले.

"मी गेले तर नकाशा दुसरं कुणी बघेल," ती म्हणाली. "त्याला तो वणवाच वाटेल. करार मोडला तर राखणदार जातील, आणि मग मोहच राहणार नाहीत."

इकडे आड, तिकडे विहीर. मला राग गिळावा लागला.

यंदा फेब्रुवारीत आम्ही दोघी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये जेवत होतो. तेवढ्यात शांताबाईंचा फोन आला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून मैत्रेयीने स्पीकर लावला.

"मोह फुलायला आलाय, बाई. यंदा पानं जाळू का?"

मैत्रेयीचा घास हातातच राहिला. "मावशी, मी... विचारून सांगते."

"आम्ही तर तुलाच विचारतो," शांताबाई म्हणाल्या. "तू कुणाला विचारतेस?"

मैत्रेयी रडत होती.

"बरं, राहू दे," शांताबाई समजुतीने म्हणाल्या. "सून डाव्या हाताने वेचेल."